ठिपका पुसण्यापूर्वी

मामी गेली, त्याला आता दोन वर्षे होत आली. तेराव्याला तिच्या घरी गेलो तेव्हा सोप्यात पाटावर तिचा फोटो ठेवला होता. झेंडूचा हार, समोर उदबत्ती. फोटो मीच काढलेला. आलेल्यांपैकी दोघा-तिघांनी 'फोटो झकास आलाय हो' असे म्हटल्यावर, प्रसंग कोणता आहे हे विसरून मी थोडा सुखावलोही होतो. जेवणे उरकली. मामेभावाची मुलगी, त्या वेळी बारावीत होती, माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ ती फोटोकडे पाहत होती. मग हळूच म्हणाली, "काका, आजीचं गोंदण कुठं गेलं?"

मी उठून जवळ गेलो. मामीच्या हनुवटीवर मधोमध हिरवट निळा ठिपका होता. सात-आठ वर्षांची असताना जत्रेत गोंदणाऱ्या बाईकडून तिने तो गोंदवून घेतला होता. आम्ही जन्मभर तो पाहिलेला. फोटोत मात्र हनुवटी स्वच्छ होती. सुरकुत्या जागच्या जागी होत्या, कपाळावरची जखमेची जुनी खूण होती, ठिपका तेवढा नव्हता.

तो मी पुसला होता. मुद्दाम नव्हे. पुसताना मला ते कळलेही नव्हते. पण हात माझाच होता, आणि कारण होते कॅमेऱ्याच्या पोटात जाऊन बसलेला धुळीचा एक कण. त्या कणाची हकीकत, आणि पुढे ती धूळ घरच्या घरी काढायला मी कसा शिकलो ते आज सांगायचे आहे. हल्ली घरोघरी कोणाकडे ना कोणाकडे लेन्स बदलता येणारा कॅमेरा असतो. त्यांच्यापैकी एखाद्याच्या हातून तरी असे गोंदण पुसले जाऊ नये, एवढीच इच्छा.

कण आत शिरला तो जेजुरीत. २० फेब्रुवारी २०२३ ला सोमवती अमावास्या होती. सोमवतीला खंडोबाची पालखी गड उतरून कऱ्हेवर स्नानाला जाते. त्या दिवशी गडावर भंडारा असा उधळला जातो की दीपमाळा, पायऱ्या, माणसांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या होतात. नोकरीतून मोकळा झाल्यावर मिळालेल्या पैशातून मी तो कॅमेरा घेतला होता आणि हौस दांडगी होती. पालखी समोर आली तेव्हा दूरची लेन्स चढवलेली होती. जवळचे काही दिसेना. म्हणून त्या भंडाऱ्याच्या पावसातच, गर्दीचे धक्के खात, मी लेन्स काढली आणि दुसरी लावली. फार तर दहा सेकंद कॅमेरा उघडा राहिला असेल. तेवढे पुरले.

घरी येऊन फोटो संगणकावर पाहिले तर पालखीचे फोटो छान होते, पण गडावरून काढलेल्या मोकळ्या आभाळाच्या फोटोंत करडे वाटोळे ठिपके दिसत होते. प्रत्येक फोटोत त्याच त्या जागी. आधी वाटले लेन्स खराब झाली. ती पुसली. ठिपके कायम. दुसरी लेन्स लावली. तरीही कायम. तेव्हा कळले की घाण लेन्सवर नाही, आत आहे. हळद पिवळी खरी, पण तिची सावली काळीच पडते.

फिल्मच्या कॅमेऱ्यात हे दुखणे या स्वरूपात नव्हते. तिथे प्रत्येक फोटोला फिल्मचा नवा तुकडा समोर येई. एका तुकड्यावर कचरा बसलाच तर तो त्या तुकड्याबरोबर पुढे सरके. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर आला. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी प्रकाशाचे विजेच्या भारात रूपांतर करून तो साठवणारी सीसीडी ही चकती कल्पिली आणि २००९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत सीसीडीऐवजी सीमॉस जातीचा सेन्सर असतो, पण एक गोष्ट दोघांत सारखीच. सेन्सर एकच, आणि तो जागचा हलत नाही. पहिला फोटो ज्याच्यावर उमटला त्याच्यावरच पन्नास हजारावा उमटणार. म्हणून त्याच्यावर बसलेला कण हा एका फोटोचा दोष राहत नाही, तो सगळ्या फोटोंचा भाडेकरू होतो.

आणखी एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. आपण 'सेन्सर साफ करणे' म्हणतो, पण प्रत्यक्षात आपला हात सेन्सरपर्यंत पोहोचतच नाही. सेन्सरच्या पुढे पातळ काचेसारखे फिल्टर बसवलेले असते. धूळ बसते ती त्याच्यावर. फिल्टर आणि सेन्सर यांच्यात अगदी थोडे अंतर असते आणि सगळी गंमत त्या अंतरात आहे. संध्याकाळी घरात छोटा बल्ब लावून भिंतीजवळ पेन्सिल धरा. सावली रेखीव पडेल. आता ट्यूबलाइटखाली, ट्यूबच्या लांबीशी काटकोनात तीच पेन्सिल धरा. सावली विरून जाईल. लेन्समधले छिद्र लहान केले, म्हणजे एफ १६ किंवा एफ २२ वर नेले, की ते त्या बल्बसारखे वागते आणि कणाची सावली सेन्सरवर स्पष्ट उमटते. छिद्र मोठे ठेवले, एफ ४ किंवा एफ २.८, की ते ट्यूबलाइटसारखे वागते. कण असतो तिथेच, पण सावली इतकी पसरते की दिसत नाही. म्हणूनच देखाव्यांचे फोटो काढणारा धुळीने हैराण होतो आणि नुसती माणसे टिपणाऱ्याला वर्षभर तिचा पत्ताही लागत नाही.

कण तरी केवढा? चोवीस मेगापिक्सेलचा, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर घेतला तर त्याच्या रुंदीत सहा हजार बिंदू मावतात. एक बिंदू सुमारे सहा मायक्रॉनचा. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. हळदीचा साठ मायक्रॉनचा कण, जो चिमटीत धरताही येणार नाही, तो आडवे दहा बिंदू झाकतो. त्याची सावली तर त्याहून मोठी.

हे सगळे कळल्यावर शहाण्या माणसाने काय केले असते? धूळ काढली असती. मी धूळ काढली नाही, ठिपके पुसत बसलो. संगणकावर फोटो दुरुस्त करण्याची जी साधने असतात त्यांत ठिपक्यावर एक कळ दाबली की शेजारचा रंग घेऊन ती जागा भरून निघते. त्याहून मोठी सोय म्हणजे एका फोटोत केलेली दुरुस्ती एका दमात पाचशे फोटोंना लावता येते. धूळ जागा बदलत नसल्यामुळे युक्ती बिनतोड वाटली. जेजुरीच्या एका फोटोतले चौदा ठिपके मी पुसले आणि ती दुरुस्ती त्या दोन दिवसांच्या झाडून सगळ्या फोटोंना लावून टाकली. चहा घेऊन परत येईपर्यंत काम तमाम. त्या दिवशी स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.

त्या दोन दिवसांतल्या दुसऱ्या दिवशी मी सासवडजवळच्या गावात मामीकडे होतो. उन्हे कलल्यावर ती ओट्यावर येऊन बसली. हात मांडीवर, डोक्यावरून पदर. माणसाचा चेहरा चौकटीच्या मधोमध न ठेवता डाव्या किंवा उजव्या तिसऱ्या भागावर ठेवावा, असे छायाचित्रणाच्या पुस्तकांत सांगतात. मी आज्ञाधारकपणे तिचा चेहरा डाव्या बाजूला, वरच्या तिसऱ्या भागाशी ठेवला. एफ ४ वर फोटो काढला. जेजुरीच्या आभाळातला सर्वांत मोठा ठिपका नेमका त्याच जागी होता. मामीच्या फोटोत तो दिसलाच नसता, कारण एफ ४ ला त्याची सावली पडतच नव्हती. पण मी सरसकट लावलेल्या दुरुस्तीला हे कोण सांगणार? तिला जागा सांगितली होती. त्या जागी मामीची हनुवटी होती. दुरुस्तीने शेजारची कातडी उचलली आणि गोंदणावर पसरली.

'सोनंनाणं हितंच ऱ्हातंय बाबा, गोंदण तेवढं संगं येतंय,' असे मामी नेहमी म्हणे. जुन्या बायांची ही श्रद्धाच असते. वर गेल्यावर देव विचारतो, काय आणलेस? तेव्हा दाखवायला अंगावरचे गोंदणच काय ते उरते. मला देवाघरच्या हिशेबातले काही कळत नाही. पण जे तिच्यासोबत जाणार अशी तिची खात्री होती, ते मागे राहिलेल्या फोटोतून मी काढून टाकले होते. तेराव्याच्या त्या दुपारी मला मान वर करवेना.

परतीच्या एसटीत मला साताऱ्यातला एक स्टुडिओ आठवत राहिला. १९७९ साली, कॉलेजात असताना, संध्याकाळचा मी तिथे पडीक असे. स्टुडिओतल्या काकांनी मला डार्करूमची ओळख करून दिली. फोटोतले डाग काढणे हे तेव्हा हाताचे काम होते. निगेटिव्हवर धूळ बसली की छापताना तेवढा प्रकाश अडतो आणि फोटोत पांढरा ठिपका येतो. सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका काळपट, निगेटिव्हवरच्या धुळीचा पांढरा. तो पांढरा ठिपका बुजवायला काका अगदी बारीक कुंचला घेत. पाण्यात कालवलेला करडा रंग कुंचल्याच्या टोकाने टिपत टिपत भरत. एका फोटोला कधी अर्धा तास लागे. चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या घालवायच्या तर निगेटिव्हवर सुईसारखी टोकदार पेन्सिल चालवावी लागे.

मात्र एक दंडक ते कधी मोडत नसत. लग्नाच्या मुलीचा फोटो असो की बँकेच्या पासबुकाचा, गिऱ्हाईक स्टुडिओतून बाहेर पडण्याआधी विचारणार, "गालावरचा तीळ ठेवायचा ना?" एकदा मी वैतागून म्हणालो, "काका, तीळ कोण काढायला सांगणार?" ते म्हणाले, "आलेलं काढायचं असतं, असलेलं ठेवायचं असतं. पण कुठलं आलेलं आणि कुठलं असलेलं, हे मला काय माहीत? ज्याचं तोंड त्यालाच विचारायला नको?"

संगणकाच्या साधनांना हा प्रश्न पडत नाही, आणि मीही तो विचारला नव्हता. सुदैव एवढेच, की अशा दुरुस्त्या मूळ फाइलला धक्का लावत नाहीत, त्या वरच्यावर राहतात. घरी येऊन मूळ फाइल उघडली, दुरुस्ती काढली. हनुवटीवर तो ठिपका हजर होता. मी नवा फोटो छापून घेतला, चौकट बसवून घेतली आणि मामेभावाकडे नेऊन दिला. पण मूळ फाइल जपून ठेवलेली नसती तर? दुरुस्त केलेलीच प्रत ठेवून बाकीची अडगळ म्हणून काढून टाकली असती, आणि तसे मी पूर्वी अनेकदा केलेले आहे, तर मामीचे गोंदण कुठून आणणार होतो?

तेव्हाच ठरवले, आता ठिपके पुसायचे नाहीत, धूळ काढायची. सव्वा वर्ष उशिरा का होईना.

सेवा केंद्रात देण्याचा मार्ग होताच. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकाही सांगतात की फुंकणीने कचरा जात नसेल तर कॅमेरा आमच्याकडे आणा. तो सल्ला चुकीचा नाही. हात थरथरत असेल, कॅमेरा हमीच्या मुदतीत असेल किंवा मन कचरत असेल तर तेच करावे. माझे म्हणणे एवढेच की निम्म्याहून अधिक वेळा काम पहिल्या दोन पायऱ्यांवरच भागते, आणि त्या कोणालाही जमतील अशा आहेत.

पहिली पायरी कॅमेऱ्यातच असते. धूळ झटकण्यासाठी फिल्टरला अतिशय वेगाने थरथरवण्याची सोय २००३ मध्ये ऑलिंपसने ई-१ या कॅमेऱ्यात आणली. पुढे बहुतेक कंपन्यांनी आपापल्या परीने ती घेतली. यादीत 'सेन्सर क्लीनिंग' असा पर्याय असतो. तो चालवताना कॅमेरा टेबलावर नेहमीसारखा उभा ठेवावा, म्हणजे झटकलेला कण खाली पडतो. कोरड्या धुळीला हा उपाय लागू पडतो. चिकट परागकण, तेल किंवा पावसाळ्याचा ओलावा खाऊन घट्ट बसलेली हळद मात्र अशा थरथरीला दाद देत नाही. माझ्या हळदीने एक पावसाळा काढला होता.

दुसऱ्या पायरीआधी रोगाचे निदान हवे. मी पांढरा कागद खिडकीच्या उजेडात भिंतीला चिकटवला. छिद्र एफ २२, आयएसओ सर्वांत कमी, फोकस हाताने अनंतावर, म्हणजे कागद मुद्दाम अस्पष्ट यावा. शटर उघडे असताना कॅमेरा किंचित हलवला, म्हणजे कागदाची वीण येत नाही, आणि धूळ सेन्सरबरोबरच हलत असल्यामुळे ती मात्र जशीच्या तशी उमटते. फोटो संगणकावर मोठा करून ठिपके मोजले. तेच चौदा. कागदावर चौकट काढून त्यांच्या जागा मांडून ठेवल्या. यात एक मेख आहे. लेन्समधून प्रतिमा उलटी पडते. त्यामुळे कॅमेरा उभा धरून समोरून आत पाहिले तर फोटोत वर दिसणारा ठिपका सेन्सरवर खाली असतो. डावा मात्र डावीकडेच राहतो. हे लक्षात न घेतल्यामुळे लोक भलत्याच कोपऱ्याशी झुंजत बसतात.

मग घर तयार केले. पंखा बंद. वैशाखाचे दिवस, त्यामुळे घरातून निषेध आला. "अहो, कॅमेऱ्याला धूळ लागेल म्हणून आम्ही शिजायचं का?" असे सौभाग्यवतींनी विचारले आणि त्या शेजारी निघून गेल्या. स्वच्छ टेबल, झटकून घातलेला सुती सदरा, धुऊन कोरडे केलेले हात. कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण भरलेली. हे फार महत्त्वाचे, कारण आरशाच्या कॅमेऱ्यात साफसफाईसाठी आरसा वर आणि शटरचा पडदा उघडा धरून ठेवलेला असतो. मध्येच बॅटरी संपली तर दोन्ही खाली येतात आणि हातातल्या वस्तूवर आदळतात. अलीकडच्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत बहुधा लेन्स काढताच सेन्सर समोर दिसतो. सोय झाली, पण आडोसाही गेला.

फुंकणी म्हणजे रबरी फुगा आणि पुढे नळी. ती आधी बाहेर पाच-सहा वेळा दाबली, तिच्या पोटातली धूळ निघून जावी म्हणून. मग कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे करून खालून वर हवा मारली. नळी फार आत घालायची नाही, फिल्टरला तर लागू द्यायचीच नाही. पुन्हा कागदाचा फोटो. चौदाचे पाच झाले. नऊ कण निव्वळ हवेने गेले. सव्वा वर्ष मी ज्यांच्यावर संगणकात मेहनत घेतली, ते फुग्याच्या दहा दाबांचे धनी निघाले. हसावे की रडावे, कळेना.

इथे काय करू नये तेही सांगतो, कारण यातल्या दोन गोष्टी मी करणार होतो. तोंडाने फुंकू नये. थुंकीचे तुषार धुळीपेक्षा वाईट. डब्यातल्या दाबाच्या हवेचा फवारा मारू नये. डबा कलला की आतला द्रव थेट काचेवर येतो. कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, चष्म्याचे फडके, सदऱ्याचे टोक, औषधाच्या दुकानातले स्पिरिट, यांतले काहीही नको. आणि कोरडी धूळ असताना कशानेही घासायचे तर नाहीच. धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळू काचेहून कठीण असते. धूळ काचेवर नुसती बसून फारसे नुकसान करत नाही. ओरखडा उठतो तो आपल्या घाईमुळे.

उरलेल्या पाचांसाठी तिसरी पायरी, ओली सफाई. सेन्सरच्या उंचीएवढ्या रुंदीच्या, धागे न सुटणाऱ्या कापडाच्या चपट्या काड्या मिळतात. त्यांना स्वॉब म्हणतात. माझ्या कॅमेऱ्याला २४ मिलिमीटरचा लागतो, लहान, एपीएस-सी जातीच्या सेन्सरला १६ चा. सोबत झटकन उडून जाणाऱ्या द्रवाची छोटी बाटली येते. या द्रवांत बऱ्याचदा मिथाइल अल्कोहोल असते. ते विषारी आणि ज्वालाग्राही आहे. तेव्हा देवघरातला दिवा विझलेला असावा, खिडकी उघडी असावी आणि बाटली नातवंडांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी.

थेट कॅमेऱ्याला हात घालण्याचे धैर्य होईना. म्हणून जुन्या चष्म्याची काच घेतली, तिच्यावर जेजुरीहून आणलेल्या भंडाऱ्याची चिमूट टाकली आणि द्रव लावलेला स्वॉब फिरवला. काचेवर पिवळा पट्टा उठला. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र चांगला विरघळतो. दुसऱ्या काचेवर आधी फुंकणी मारून सुटी हळद उडवली आणि मग स्वॉब फिरवला. काच स्वच्छ झाली. ओले करण्यापूर्वी कोरडे जेवढे जाईल तेवढे घालवायचे, हा धडा मला दहा रुपयांच्या भंडाऱ्यात मिळाला. कॅमेऱ्यावर मिळाला असता तर महाग पडला असता.

मग प्रत्यक्ष काम. स्वॉबच्या कडेवर द्रवाचे दोन थेंब. ते कापडात मुरू द्यायचे, कारण थेंब लोंबत असेल तर तो फिल्टरच्या कडेने आत उतरतो. एका कडेला टेकवून, कागदावर रेघ ओढताना पेन जितके दाबतो तितक्याच हलक्या दाबाने डावीकडून उजवीकडे एकदा. उचलायचा, बाजू उलटायची, उजवीकडून डावीकडे एकदा. संपले. तो स्वॉब टाकून द्यायचा. पुन्हा वापरण्याचा मोह मराठी मध्यमवर्गीय मनाला फार होतो, पण त्याच्या कडेवर आता तीच धूळ असते. सगळे मिळून दहा सेकंद. जेजुरीत धूळ आत यायला लागले तेवढेच. माझ्या कपाळावरून मात्र घामाची धार लागली होती, आणि तो कॅमेऱ्यात पडू नये म्हणून मी मान वाकडी करून बसलो होतो.

कागदाचा फोटो काढला. दोन कण उरले होते आणि कडेला द्रव सुकल्याची फिकट रेघ आली होती. दुसरा स्वॉब, थोडा कमी ओला. पुन्हा फोटो. रेघ गेली. एक ठिपका उरला, उजव्या खालच्या कोपऱ्यात, अगदी काठाशी.

तिसरा स्वॉब मी हातात घेतला होता. उरलेला ठिपका फक्त एफ २२ ला दिसत होता, आणि तोही जिथे माझ्या फोटोंत जमीन, गवत, दगड असतात अशा जागी. त्याच्यासाठी पुन्हा काचेला हात लावणे म्हणजे एका कणाच्या हट्टापायी नवा ओरखडा पत्करणे. स्वॉब पुन्हा पाकिटात ठेवला, लेन्स लावली, पंखा सुरू केला. तो कण अजून तिथेच आहे. आमचे बरे चालले आहे.

घाण दर वेळी आपल्याच निष्काळजीपणाने येते असेही नाही. निकॉनच्या २०१२ साली आलेल्या डी६०० या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर ठिपके पडत असल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की २०१४ मध्ये कंपनीने तो विनामूल्य तपासून, साफ करून, शटर बदलून देण्याचे जाहीर केले. साफ केल्यावर त्याच जातीचे ठिपके थोड्याच दिवसांत पुन्हा येत असतील तर दोष आतल्या यंत्राचा समजावा आणि घरगुती उपाय थांबवावेत. बाकी पथ्ये साधी आहेत. लेन्स बदलताना कॅमेरा बंद करावा, तोंड खाली धरावे, वाऱ्याकडे पाठ करावी. लेन्सची आणि कॅमेऱ्याची झाकणे आतून झटकावीत, कारण धूळ तिथे दबा धरून असते. आणि भंडारा उडत असताना जी लेन्स चढवलेली असेल तिच्यातच समाधान मानावे. गेल्या सोमवतीला मी तेच केले. पालखी फार जवळ आली, फ्रेममध्ये मावली नाही. मग कॅमेरा खाली घेतला आणि डोळ्यांनी पाहिली.

ठिपके पुसणे मी सोडलेले नाही. कागदाच्या परीक्षेत न सापडलेला एखादा कण आभाळात येतोच. पण आता ती दुरुस्ती एका वेळी एकाच फोटोला, आणि तीही फोटो पूर्ण मोठा करून. माणसाचा चेहरा असेल तर तो छापायला देण्याआधी त्या माणसाला, किंवा ज्याने त्याला रोज पाहिले आहे अशा कोणाला तरी दाखवतो.

मामीचा नवा फोटो घेऊन गेलो तेव्हाही तसेच केले. मामेभावाच्या मुलीने तो हातात घेतला, उजेडात नेला, हनुवटीवर बोट ठेवले. म्हणाली, "हे आहे. पण काका, आजीच्या उजव्या गालावर पण एक बारकं होतं. ते इथं नाही."

मी दचकलो. घरी जाऊन मूळ फाइल पुन्हा उघडली, शक्य तितकी मोठी केली. गाल सावलीत होता. सावली थोडी उजळली, तेव्हा ते दिसले. धुळीच्या कणाएवढेच होते.